लाकडी बुटांचा सेनापती

चिमुकल्या शिपायांच्या ऐतिहासिक लढाया टेबलावर खेळणाऱ्या ब्रिटिश पुरुषांमध्ये ‘परतलेला’ ही एक स्वतंत्र जात आहे. तिचा उगम बहुधा माळ्यावर होतो. पन्नाशी उलटलेली असते, मुले घराबाहेर पडलेली असतात, आणि पाण्याची टाकी पाहायला वर चढलेल्या गृहस्थाच्या हाती एक जुने खोके लागते. आत एअरफिक्सचे इंचभर उंचीचे प्लास्टिकचे शिपाई. लहानपणी दिलेल्या रंगाचे पोपडे निघालेले, कारण त्या मऊ प्लास्टिकवर रंग कधी टिकतच नसे. निम्म्या संगिनी वाकलेल्या. गृहस्थ टाकी विसरतो.

छंद तसा खानदानी आहे. प्रशियाच्या रायस्वित्झने १८२४ साली तो लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणात आणला, कादंबरीकार एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ लिहून तो घरातल्या फरशीवर उतरवला. वेल्सच्या खेळात स्प्रिंगच्या तोफेतून खरोखर गोळा सुटे आणि शिपाई खरोखर आडवा होई. परतलेल्याच्या टेबलावर माणसे फाशांनी मरतात, आणि रंगाचा टवका उडू नये म्हणून चिमटीत धरून अलगद उचलली जातात.

सैन्य कोणते घ्यायचे, हा मोठा प्रश्न. नेपोलियनचे फ्रेंच सगळेच रंगवतात. परतलेल्याला क्लबात दुसऱ्या कुणाकडे नसलेले सैन्य हवे असते, आणि शोधता शोधता तो डेन्मार्कपाशी येऊन थांबतो. नेपोलियनच्या काळातले हे सैन्य फारसे कुणाला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक आहे ते गौरवाचे नाही. २९ ऑगस्ट १८०७ रोजी कोपनहेगनच्या दक्षिणेला कोगे येथे ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीने त्याची दाणादाण उडवली. हा तोच वेलस्ली, जो चारच वर्षांपूर्वी असईला शिंद्यांच्या तोफांना भिडला होता. कोगेला मात्र त्याच्यासमोर बरेचसे गावाकडचे राखीव शिपाई होते. पळताना पायातले लाकडी बूट अडथळा करू लागले, तेव्हा त्यांनी ते रस्त्यातच टाकले. डेन लोक या प्रसंगाला आजही ‘लाकडी बुटांची लढाई’ म्हणतात. पुढच्याच आठवड्यात इंग्रजांनी कोपनहेगनवर तोफा डागल्या, नंतर आरमार उचलून नेले आणि डेन्मार्क नेपोलियनच्या गोटात गेला.

परतलेल्याचा जीव अडकतो तो बुटांत. अठ्ठावीस मिलिमीटरचा अनवाणी डेन शिपाई आणि त्याने टाकलेले बूट दुकानात सहसा मिळत नाहीत. मग भिंगाचा चष्मा लावून, टूथपिकच्या टोकाने, एपॉक्सी पुट्टीतून पाच मिलिमीटरचा बूट घडवला जातो. एका संध्याकाळी चार बूट होतात, एक गालिच्यावर पडून कायमचा हरवतो. मोहिमेतली ही सर्वांत मोठी हानी.

रंगकामाला शिस्त आहे: आधी प्रायमर, मग मूळ रंग, खाचांत पाणचट काळपट रंग, शेवटी उंचवट्यांवर उजळ रेघा. डेन पायदळाचा कोट लाल. लाल उजळायला पांढरा घातला तर शिपाई गुलाबी होतो, म्हणून नारिंगी घालावा लागतो. हे ज्ञान पहिली अख्खी तुकडी गुलाबी झाल्यावर येते. कॉलरचा रंग पलटणीगणिक वेगळा असल्याने पुस्तके लागतात, आणि दोन पुस्तकांचे एकमत झाले नाही तर तिसरे मागवले जाते.

एवढ्या खटाटोपानंतर सैन्य क्लबात मांडले की लाल कोट पाहून पहिला माणूस म्हणतो, “इंग्रज छान रंगवलेत.” परतलेला वरकरणी दुखावतो. खरे तर तो याच वाक्याची वाट पाहत असतो, कारण आता कोगेपासून सुरुवात करून सगळे सांगता येते. ऐकणाऱ्याची चाल असली तरी ती थांबते.

नव्याने रंगवलेली पलटण पहिल्याच लढाईत पळते, अशी या मंडळींत जुनी समजूत आहे. डेनांच्या बाबतीत तिला अपशकुन म्हणता येत नाही. तो अभ्यास ठरतो. हरल्यावर परतलेला शांतपणे १० डिसेंबर १८१३ची सेहेस्टेडची लढाई काढतो, जी डेन जिंकले होते. पाच आठवड्यांत कीलच्या तहाने त्यांच्या हातून नॉर्वे गेले, हे तो विचारल्याशिवाय सांगत नाही.

घोडदळ बहुधा अर्धवटच राहते. प्रायमर मारलेले घोडे खिडकीत वाळत असतात, आणि परतलेला नेपल्सच्या सैन्यावरचे पुस्तक चाळू लागलेला असतो.