मेलेल्या डिस्कचं सुतक

लिनक्सच्या रेड-५ मध्ये एक हार्ड डिस्क मेली तरी डेटा जगतो, अशी ख्याती आहे. दुसरी मरेपर्यंत.

८० गिगाबाइटच्या जमान्यात नव्या डिस्कवर सगळं पुन्हा भरणं तासाभरात उरकायचं. आता २० टेराबाइटला, कर्नेलने मुळातच घातलेल्या सेकंदाला सुमारे २०० मेगाबाइटच्या कमाल मर्यादेने, २७ तास लागतात. किमान हमी मात्र सेकंदाला जेमतेम १ मेगाबाइटची! सर्व्हर कामात बुडालेला असला आणि तेवढ्यावरच भागवायचं झालं, तर साडेसात महिने. माणसाचं सुतकसुद्धा तेरा दिवसांत फिटतं.

तोवर उरलेल्या डिस्क अखंड राबतात. त्याही बहुधा एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेल्या, म्हणजे दिवंगत डिस्कच्या समवयस्कच. मालक मात्र निर्धास्त: बॅकअप कशाला, रेड आहे की!