‘बसेल ती द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकांस खुले पत्र

प्रति,
‘बसेल ती द्या’ म्हणून रॅम मागणारे समस्त ग्राहक,
दहिसर (पूर्व व पश्चिम)

विषय: रॅमची पट्टी बसणे आणि चालणे यांतील फरकाबाबत

संगणकाची रॅम वाढवताना सर्वांत आधी पाहायची ती तिची पिढी. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पट्ट्या दिसायला सख्ख्या बहिणी असल्या तरी एकीच्या जागी दुसरी चालत नाही. डेस्कटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २४० पिना असतात, डीडीआर४ आणि डीडीआर५ला २८८. या दोघींच्या पिना सारख्याच, म्हणून खालच्या कडेची खाच थोडी सरकवलेली असते. चुकीची पट्टी आत जाऊ नये एवढ्याचसाठी ती खाच आहे. तरीही स्वतःच्या अंगठ्यावर विश्वास असलेला ग्राहक जोर लावून पाहतोच. मग रॅमसोबत मदरबोर्डचीही खरेदी होते, आणि दुकानदाराची त्याला हरकत नसते.

लॅपटॉपची पट्टी आखूड असते. काही पातळ लॅपटॉपांत तर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. त्यांच्या मालकांना हे पत्र लागू नाही.

खरी गंमत आहे ती बसणाऱ्या पण न चालणाऱ्या पट्ट्यांची. साधी डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५ व्होल्टवरही. दोघींची खाच एकाच जागी. ज्या लॅपटॉपमध्ये १.३५ व्होल्टच पुरवले जातात त्यात दीड व्होल्टची पट्टी आरामात बसते, खटके लागतात, आणि स्क्रीन काळीच राहते. सर्व्हरमधून काढलेल्या रजिस्टर्ड पट्ट्या जुन्या बाजारात स्वस्त असतात, कारण घरगुती मदरबोर्ड त्यांच्यावर सुरूच होत नाही. काही ८ जीबीच्या डीडीआर३ पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात, इंटेलच्या नाही. त्याही स्वस्तच मिळतात. स्वस्ताईचे कारण विचारणे मात्र ग्राहकास अपमानास्पद वाटते.

वेगाचे प्रकरण त्या मानाने सोपे. २६६६च्या पट्टीशेजारी ३२००ची लावली तर दोन्ही २६६६नेच चालतात. पुढे धिमी लोकल सिग्नलला थांबली की त्याच रुळावरची मागची गाडी कितीही जलद असो, उभीच राहते. दहिसरकराला हे वेगळे समजावण्याची गरज नसावी. चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात. त्यामुळे मेमरीचे दोन्ही चॅनेल वापरात येतात. शेजारीशेजारी लावलेल्या पट्ट्या फोटोत चांगल्या दिसतात, एवढेच.

बोर्ड आणि प्रोसेसर किती रॅम पेलतात हेही पाहावे लागते. ३२ बिटांच्या विंडोजला ४ जीबीच्या पुढचे सहसा दिसत नाही. तिथे १६ जीबी लावणे हे दानधर्मात मोडते.

पट्टीची पिढी, वेग आणि प्रकार ही माहिती जुन्या पट्टीच्या स्टिकरवर छापलेली असते. ‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-२६६६व्ही-यू’ यातले पीसी४ म्हणजे डीडीआर४, २६६६ हा वेग, आणि शेवटचा यू म्हणजे डेस्कटॉपची साधी पट्टी. तिथे एस असेल तर लॅपटॉपची, आर असेल तर सर्व्हरची रजिस्टर्ड. कॅबिनेट उघडायचे नसेल तर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली वेग आणि भरलेले स्लॉट दिसतात.

पट्टी बाहेर काढलीच आहे तर तिच्या सोनेरी कडेवरून पेन्सिलीचे खोडरबर हलक्या हाताने फिरवून, कण झटकून, ती पुन्हा लावून पाहावी. पावसाळ्यात सुरूच न होणारे कितीतरी संगणक एवढ्यावर सुरू होतात. मात्र या उपायाची पावती मिळत नसल्याने त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

इतके करूनही ‘बसेल ती द्या’ म्हणायचेच असेल, तर संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार असलेला लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवरचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्थानकाजवळ आहे. दहिसर आणि ग्रँट रोडच्या मध्ये १८ स्थानके येतात. बदलून आणायला गेले की तेवढीच पुन्हा. जुनी पट्टी खिशात घालून निघावे, ही विनंती.

कळावे,
स्लॉट क्रमांक दोन
(अद्याप रिकामा)