पंडितरावांची शिकवणी

बोलणारा पक्षी घरात असावा, ही हौस मालवणात नवी नाही. एके काळी पडवीत पिंजरा आणि पिंजऱ्यात राघू हे नेहमीचं दृश्य होतं. आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पाळायला बंदी आहे. आपल्या माडावरच्या राघूला आत टाकलंत तर तुम्हीही आत. ऑस्ट्रेलियातला कॉकटिएल मात्र चालतो. मी पडलो कायदा पाळणारा. सरळ कोल्हापूर गाठलं.

‘नर आहे, साहेब,’ दुकानदार छातीठोकपणे म्हणाला. ‘तुमचं नाव घेऊन हाक मारेल.’ कॉकटिएलमध्ये शीळ घालणारा, थोडंफार बोलणारा बहुधा नरच असतो, हे मी वाचलं होतं. नाव तिथेच ठरलं, पंडितराव. फोंडा घाटाच्या वळणांवर एसटीतले निम्मे प्रवासी खिडकीबाहेर तोंड काढून बसले होते, पण पंडितराव तुरा ताठ ठेवून गंभीर.

आईने पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली. ‘किती किलोचो?’

‘नव्वद-शंभर ग्रॅम.’

‘मगे पोसतंस कित्याक?’

सोबत समुद्रफेसाचं पाकीटही आणलं होतं. पक्ष्यांना त्यातून कॅल्शियम मिळतं, चोचही झिजते. आईने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. ‘ह्या तर म्हाकुलाचा हाड. चिवल्यार ढिगान पडलेला आसता. ता तू कोल्हापुरासून इकत हाडलंस?’ दर्याचा माल घाट चढवून परत दर्याकाठी आणणारा आमच्या घराण्यात मी पहिलाच. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या धुराने पक्षी मरतो, म्हणून मीच आईला भेट दिलेला तवा बंद करण्याचं फर्मान मी काढलं. तो खोक्यातून बाहेर आलाच नव्हता. घावणे बिडाच्या तव्यावरच होत होते.

शिकवणी मात्र शास्त्रशुद्ध होती. बी. एफ. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात कबुतरांना पडद्यावरच्या लक्ष्यावर चोच मारायला शिकवलं होतं. कबुतर आत बसून चोचीने बॉम्बला दिशा देणार, अशी ती योजना. सरकारने १९४४ साली ती गुंडाळली. कबुतरांची तयारी होती. कबुतर बॉम्ब हाकतं, तर पंडितराव साधं ‘नमस्कार’ म्हणणार नाहीत?

पद्धत सोपी. खटक्याचा आवाज आणि लगेच खाऊ, ही सांगड आधी पक्ष्याच्या डोक्यात बसवायची. ती बसली, की हवी ती गोष्ट पक्ष्याने केल्याक्षणी खटका वाजवायचा. खटक्यासाठी मी बॉलपेन घेतलं, खाऊ म्हणून उकडलेल्या अंड्याचा चुरा. खट्, आणि चुरा पुढे. पंडितराव पाठ फिरवत. चुरा मी खिडकीबाहेर टाके. पुन्हा खट्, पुन्हा पाठ, पुन्हा खिडकी. रोज सकाळी असंच चाले. पंडितरावांच्या डोक्यात सांगड काही बसेना. खिडकीबाहेर झावळावर एक कावळा असे, त्याच्या बसली. खटका वाजला की तो गजांवर हजर.

एका सकाळी आईची आरोळी आली, ‘अरे झिला, धाव! तुझो पंडितराव बाळंत झालो!’

पिंजऱ्याच्या तळाशी पांढरंशुभ्र अंडं होतं. कॉकटिएलची मादी नराशिवायही अंडी घालते, आणि ती सहसा बोलत नाही. कोवळ्या वयात नर-मादी सारखेच दिसतात. पुढे पिसं बदलली की नराचं तोंड पिवळंधमक होतं, मादीच्या शेपटीखालचे पट्टे तसेच राहतात. ते पट्टे मी पंडितांच्या शालीचा काठ समजत आलो होतो. आईने त्याच दिवशी चिवल्यावरून ओंजळभर म्हाकुलाची हाडं आणली. बाळंतिणीला काय लागतं, हे तिला पाकिटावर वाचावं लागलं नाही.

भाद्रपदात आमच्याकडे म्हाळ होता. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर असं केळीचं पान वाढून बाहेर ठेवलं. कावळा शिवेना, म्हणजे आमचीही पानं अडलेली. आईने आजोबांना आवडीचं काय राहिलं ते विचारलं, कौलं शाकारण्याचा शब्द दिला. शेवटी काकांनी हात जोडले. ‘बापाशी, बाग इकूचंय नाय. शब्द दितंय.’ मी भुकेने कासावीस होऊन खिशातल्या पेनाशी चाळा करत उभा होतो. खट्.

कावळा थेट वड्यावर उतरला.

‘बघलंस?’ काकांचे डोळे भरले. ‘बागेत जीव अडाकलो होतो!’

स्किनरने १९४८ साली आणखी एक प्रयोग छापला. कबुतरांनी काहीही करो, ठरावीक वेळाने दाणे द्यायचे. दाणे पडताना जे कबुतर गोल फिरत होतं, ते पुढे गोलच फिरत राहिलं; आपल्या फिरण्यानेच दाणे येतात, अशी जणू त्याची खात्री झाली. हे सगळं समजावून सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आईने माझ्या हातातल्या पेनाकडे पाहिलं, मग झावळाकडे. ‘गप रव,’ ती हळूच म्हणाली. ‘बाग रवली मा?’

पुढे आईच्याच तोंडून बातमी आळीत फुटली. आता पक्ष पंधरवड्यात मला तिथीवार आमंत्रणं येतात. परवा शेजारची काकू खास बजावून गेली, ‘गेल्या वर्साचाच पेन हाड हां. नव्या पेनार आमचो आजो येवचो नाय.’