दृष्टांतकुमार

सोलापुरात गल्लीआड एक दृष्टांतकुमार असतो. वय सोळा, फार तर सतरा. अकरावी सायन्स. मिशी फुटली की नाही यावर घरात दोन मतं. कालपरवापर्यंत भर उन्हात टेनिस बॉलनं क्रिकेट खेळणारा हा पोरगा आता बोलता बोलता मध्येच थांबतो, समोरच्या भिंतीवर नजर लावतो आणि आवाज खाली नेऊन म्हणतो, "काहीतरी वाईट होणारंय. मला दिसालंय."

दिसतं ते वाईटच. कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न जमलं, असलं काही त्याला आजवर दिसलेलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "तसलं बघायला शक्ती कशाला लागते, काका?"

शिवाय बऱ्याचदा घटना आधी घडते आणि ती आपल्याला दिसली होती हे त्याला नंतर आठवतं. १५ जून २०२३ला विमानतळाच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंचच्या उंच चिमणी पाडली. उंच काहीतरी कोसळताना त्याला म्हणे खूप आधी दिसलं होतं. ती पाडा, पाडू नका, हा वाद गावात वर्षानुवर्षं चालला होता. पेपर वाचणाऱ्या प्रत्येकालाच ती कोसळताना दिसत होती. पण हे त्याच्यापुढे बोलायची सोय नाही. तो आपल्याकडे दयेनं बघतो.

या शक्तीचा उगम आजोबांच्या ट्रंकेत आहे. तिथं नारायण धारपांची भयकथांची पुस्तकं निघतात. धारपांनी शंभरावर पुस्तकं लिहिली, तेव्हा बारावीपर्यंत साठा संपायची भीती नाही. पुढे केव्हातरी कळतं की धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली आहे. मग पोरगा किंगकडे वळतो आणि १९७४ सालच्या 'कॅरी'शी येऊन थांबतो. शाळेतल्या पोरीच्या अंगात भलतीच शक्ती, आणि ती कुणालाच कळत नाही! पुस्तक मिटल्यावर तो आरशात बघतो. आपणही कुणालाच कळत नाही, एवढा पुरावा त्याला पुरतो.

खरी अडचण घरच्यांची. अशा पुस्तकांत मुलानं "मला दिसतंय" म्हटलं की आईच्या हातून कपबशी पडते. सोलापुरात काही पडत नाही. आई म्हणते, "रात्री शेंगाचटणी कुणी एवढी खायला सांगितली होती?" वडील मोबाइलवरून मान न उचलता म्हणतात, "नळाला पाणी आज येणारंय का उद्या, तेवढं दिसालंय का बघ." इथं चार-चार दिवसांनी येणारं पाणी कधी येईल हे मात्र त्याला आजवर एकदाही दिसलेलं नाही, आणि घरात त्याची पत गेली ती इथंच. धाकटा काका तेवढा गंभीरपणे ऐकून घेतो. खुर्ची जवळ ओढून हळूच विचारतो, "त्यात आकडा कुठला होता का बे?"

आजीला तर दृष्टांताचं काही अप्रूपच नाही. अक्कलकोट चाळीसेक किलोमीटरवर. तिथले स्वामी समर्थ तिच्या स्वप्नात पूर्वीपासून येतात आणि कामाचं तेवढं बोलून जातात. नातवाची हकीकत ऐकून तिनं एकच विचारलं, "कोण होतं दिसलं?" कुणी नाही, नुसती सावली होती, असं त्यानं सांगितल्यावर "मग झोप," म्हणाली.

घरात कदर नाही म्हटल्यावर कादंबरी लिहिणं आलंच. फिजिक्सच्या वहीला मागून सुरुवात झाली. दोन्ही बाजूंनी पानं भरत येतात, पण फिजिक्सची बाजू फारशी पुढे सरकत नाही. नायकाला भयंकर दृश्यं दिसतात, त्याचं नाव ईथन आणि तो लंडनला राहतो. पहिली चार पानं नुसतं धुकं.

"सोलापुरातच घडव की," मी म्हणालो.

"कसं घडवू, काका? एप्रिलात ४४ डिग्री. धुकं कुठनं आणू?"

मुद्दा बिनतोड होता. आमच्याकडे भूत यायचं म्हटलं तरी दुपारी बारा ते चार ते स्वतःच सावली शोधेल. मराठी कुमार कादंबरीकडून तरी त्यानं काय उचलावं? फास्टर फेणे चोर पकडतो, पण त्याचे हातपाय चालतात, डोळ्यांपुढे दृश्यं येत नाहीत.

मग मी त्याला त्याच्याच नावाच्या माणसाची गोष्ट सांगितली. या गावात हाक मारली की निम्मे सिद्धाराम आणि निम्मे सिद्धेश्वर मागे वळून बघतात, त्यातलाच हाही एक. बाराव्या शतकात याच गावात, तेव्हाच्या सोन्नलगीत, सिद्धाराम नावाचा एक मुलगा होता. बोलायचा नाही, म्हणून लोक त्याला खुळा समजायचे. गुरं राखताना रानात त्याला एक जंगम भेटला. नाव मल्लय्या. पोरानं त्याला हुरडा खायला घातला. त्यानं आणखी काही आण म्हणून घरी पिटाळलं. पोरगा घेऊन येतो तर मल्लय्या गायब. "मल्लय्या, मल्लय्या" करत रडत तो श्रीशैलापर्यंत गेला आणि कड्यावरून उडी टाकायला निघाला, तेव्हा कुठं देव पुढे आला. तेराव्या शतकात राघवांक नावाच्या कवीनं कन्नडमध्ये त्याच्यावर अख्खं काव्य लिहिलं.

पोरगा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "ह्यात व्हिलन कोणंय?"

नाही म्हटल्यावर त्याचा रस गेला. पण गोष्ट त्याला कुठंतरी लागली असावी, कारण संक्रांतीला तो सिद्धारामाच्याच गड्ड्याच्या यात्रेत दिसला, तोही पाळण्यापाशी नाही, भाकणुकीच्या गर्दीत. यात्रेत होमाच्या रात्री वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, त्याच्यापुढे गूळ, गाजर, खारीक, धान्य ठेवतात आणि ते काय हुंगतं, कशाला तोंड लावतं, मुततं की बिचकतं, यावरून वर्षाचं भाकीत सांगतात. मुतलं तर पाऊस चांगला. बिचकलं तर वर्ष जपून काढायचं. हजारो माणसं श्वास रोखून त्या शेपटीकडे बघत असतात आणि दुसऱ्या दिवशी ते पेपरात छापून येतं.

दृष्टांतकुमाराच्या चेहऱ्यावर त्या रात्री मी जी असूया पाहिली, तसली मी फक्त साहित्य संमेलनात पाहिली आहे. तोही दिवसभर उपाशी होता. त्यालाही दिसत होतं. त्याच्यापुढे मात्र कुणी गाजर धरलं नव्हतं.

आठवड्याभरानं नवं प्रकरण झालं. ईथन लंडनहून थेट सोलापुरात उतरतो. कसा, ते लिहिलेलं नाही. गर्दीत वासरू त्याच्याकडे बघतं आणि ओळखतं. हे त्यानं चहाच्या गाड्यावर दोस्तांना वाचून दाखवलं. ते संपेपर्यंत कुणी बोललं नाही, हे त्या मंडळींच्या मानानं फार झालं.

मग एकानं विचारलं, "वासराला आधी दिसालंय का ईथनला?"

"वासराला."

"आणि गाव कुणाचं ऐकतंय?"

"वासराचं."

"मग ईथन काय करालाय बे तिथं?"

दृष्टांतकुमार बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. या वेळी त्याला खरंच काहीतरी दिसत असावं. त्याच रात्री ईथनला त्यानं परत लंडनला धाडलं, पहिली चार पानं फाडली आणि सकाळी सकाळी वही घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

"काका, एक सांगा. वासरू किती महिन्यांचं धरलं म्हणजे कुमार कादंबरीत बसतंय?"