डेबियनकाका

डेबियनकाकांचा विंडोजवर अजिबात राग नाही. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत लिनक्सचं नाव निघालं की सगळी बोटं ज्या एका माणसाकडे वळतात, तो दिवसरात्र विंडोजचा उद्धार करत असणार, अशी नव्या भाडेकरूंची समजूत असते. काका शांतपणे म्हणतात, "असेल बुवा. वापरतात लोक." बस्स. विषय संपला.

तुम्ही फक्त 'उबुंटू' म्हणून बघा.

चष्मा कपाळावर जातो. "उबुंटू? ते कुठून आलं, ठाऊक आहे का तुम्हाला?" तुम्हाला ठाऊक नसतं. असलं तरी उपयोग नसतो, कारण काका थेट १६ ऑगस्ट १९९३ पासून सुरुवात करतात. त्या दिवशी इयान मर्डॉक नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्यानं डेबियनची, म्हणजे लिनक्सच्या एका अवताराची, घोषणा केली. नावात आधी प्रेयसीचं डेब्रा, मग स्वतःचं इयान. (इथे स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज येतो : "आणि आपल्या दारावरच्या पाटीला माझं नाव अजून लागायचंय!") मग २००२ च्या जुलैत डेबियनची 'वुडी' ही आवृत्ती आली, आणि पुढची 'सार्ज' यायला २००५ चा जून उजाडला. ही जवळजवळ तीन वर्षं काका अभिमानानं सांगतात. डेबियन तयार होईल तेव्हा होईल. कुणाच्या तारखेला बांधलेलं नाही. नेमक्या त्याच खिंडीत, ऑक्टोबर २००४ मध्ये, मार्क शटलवर्थ या दक्षिण आफ्रिकेतल्या धनिकानं डेबियनच्याच पायावर उबुंटू उभं केलं आणि दर एप्रिल-ऑक्टोबरला नवी आवृत्ती देण्याचा रतीब घातला. हा शटलवर्थ त्याआधी रशियन यानातून अंतराळात जाऊन आला होता. "आधी डेबियनमध्येच होता तो!" काका म्हणतात. "वर जाऊन आला, आणि पाय परत जमिनीला लागलेच नाहीत."

आता खरं सांगायचं तर ही दोन्ही शेजारी शेजारी लावून ठेवली, तर माझ्यासारख्याला फरक रंगापुरताच कळेल. पॅकेजं त्याच जातीची, टर्मिनलमधला 'ॲप्ट' हा हुकूम तोच, आणि उबुंटूची बरीचशी शिधासामग्री आजही डेबियनच्या कोठारातूनच येते. पण भांडणाचं मूळ तिथंच आहे. ही भाऊबंदकी आहे. परमुलखातल्या जमीनदारानं शंभर एकर घेतले तर माणूस ढिम्म हलत नाही. चुलतभावानं बांध वीतभर सरकवला की कोर्टाची पायरी चढतो. उबुंटूनं २२.०४ या आवृत्तीपासून फायरफॉक्स फक्त 'स्नॅप' या आपल्या वेष्टनातच द्यायला सुरुवात केली, तेव्हा काका दोन दिवस धड जेवले नाहीत. "अहो, हुकूम ॲप्टचा दिला आणि आलं स्नॅप! मागितलं काय, वाढलं काय!" स्वतःच्या यंत्रावर उबुंटू नसताना हा त्रास काकांना का व्हावा, हे काकूंना आजवर समजलेलं नाही.

काकूंना आणखीही काही गोष्टी समजलेल्या नाहीत. वायफाय घरात असून लॅपटॉपला येत का नव्हतं, ही त्यातली पहिली. बहुतेक वायफाय कार्डांना लागणारं फर्मवेअर बंदिस्त असतं, आणि डेबियन ते आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घालत नसे. ते वेगळं आणून टाकता यायचं, पण काकांचं तत्त्व डेबियनच्याही चार पावलं पुढे. मग हॉलमधून बेडरूमपर्यंत एक निळी लॅन केबल पसरलेली असायची, आणि काकू रोज एकदा तरी त्या तत्त्वाला अडखळायच्या. २०२३ मध्ये डेबियन १२ नं ते फर्मवेअर आत घेतलं. काकूंनी त्या दिवशी शिरा केला. काकांनी तो जरा जड मनानंच खाल्ला.

दुसरी गोष्ट आइसवीझलची. फायरफॉक्सच्या बोधचिन्हाच्या हक्कावरून वाद झाला, म्हणून डेबियननं २००६ पासून तोच ब्राउझर 'आइसवीझल' या नावानं दिला, तो थेट २०१६ पर्यंत. बँकेचं पान म्हणायचं, फायरफॉक्स वापरा. काका पानाला म्हणायचे, अरे, हे फायरफॉक्सच आहे. पान ऐकायचं नाही. काकू चप्पल घालून बँकेत जाऊन यायच्या.

बाकी माणूस लाख मोलाचा. कुणाचा जुना लॅपटॉप रडायला लागला की काका पेनड्राइव्ह घेऊन हजर. एक पैसा घेत नाहीत, चहासुद्धा बिनसाखरेचा. २०२३ मध्ये डेबियनचं जागतिक संमेलन कोचीला भरलं, तेव्हा त्यांनी काकूंना "केरळ दाखवतो" म्हणून नेलं. अलेप्पीची हाउसबोट काकूंनी एकटीनं केली.

आणि एक गुपित. काकांच्या कपाटात, विम्याच्या कागदांखाली, उबुंटूच्या जुन्या सीड्या आहेत. एके काळी ती मंडळी मागेल त्याला जगभर टपालानं फुकट सीडी पाठवत. इथं इंटरनेट तेव्हा थेंबथेंब ठिबकायचं. काकांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिलं ते त्याच सीडीतून. मी त्या पाहिल्या, हे काकांनी पाहिलं. आम्ही दोघंही पावसावर बोललो.

यंदा काकांच्या मुलीचं लग्न झालं. जावई आयटीतला, आणि लिनक्स मिंट वापरणारा. बैठकीत हे कळल्यावर काकांनी क्षणभर डोळे मिटले. मिंट म्हणजे उबुंटूचं पोर. पण मग डेबियनचा नातूच की! आणि नातवाचा काय दोष? शिवाय त्या मिंटची एक आवृत्ती मधल्या पिढीला वगळून थेट डेबियनवर बेतलेली असते. दिवाळसणाला काकांनी चांदीच्या वाटीत तीच आवृत्ती भरलेला पेनड्राइव्ह ठेवून वाटी जावयापुढे केली.

"बाबा, खरं म्हणजे..." जावई चाचरला, "मी ते सोडलं. मागच्या महिन्यात मॅकबुक घेतलं."

काकूंचा हात निरांजनावरच थबकला. मी दाराकडे बघितलं.

"अरे वा!" काकांचा चेहरा उजळला. "देखणं यंत्र! बॅटरी किती तास जाते हो?"