आवडता कृष्णधवल

आवडता जुना मराठी चित्रपट कोणता, असं चारचौघांत विचारा. उत्तर ठरलेलं: ‘श्यामची आई’. आचार्य अत्र्यांचा, 1953 सालचा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलेला, शिवाय मुलांसमोर नाव घ्यायला सोयीचा. त्यातला एखादा प्रसंग मात्र विचारू नये. सांगतात तो बहुधा शाळेतल्या धड्यातला असतो. त्याच अत्र्यांनी 1938 मध्ये ‘ब्रह्मचारी’ लिहिला होता. ब्रह्मचर्याच्या ढोंगाची इतकी झकास टिंगल पुन्हा क्वचितच झाली. पण तो कुणाच्या यादीत नाही. मीनाक्षी शिरोडकरांचा पोहण्याचा पोशाख तेवढा, चित्रपट न पाहिलेल्यांनाही, तपशीलवार ठाऊक!

हल्ली रसिकांची नवी सूचना असते, ‘रंग भरा, म्हणजे पोरं बघतील.’ प्रभात फिल्म कंपनीने ही हौस ‘सैरंध्री’च्या वेळी, 1933 च्या सुमारास, थेट जर्मनी गाठून भागवून पाहिली. रंग काही जमले नाहीत. पुढे 1937 मध्ये शांतारामबापूंनी ‘कुंकू’ काढला, तोही काळ्या-पांढऱ्यात, आणि कपाळावरचं लाल कुणाला कमी पडलं नाही. अर्थात, हे कळायला ‘कुंकू’ बघावा लागतो. ही अट रसिकांना जाचक वाटणं साहजिकच आहे.