पात की गड्डा?

२०२४ साली लसणाने ४०० रुपये किलोची मजल मारली आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी सुशिक्षित घरांत शेतीविषयी अचानक आस्था निर्माण झाली. एरवी मोगऱ्याच्या पुढे न जाणारी मंडळी ओट्याखालच्या टोपलीतला गड्डा हातात घेऊन विचारात पडू लागली. विचार सोपा होता. गावरान गड्ड्यात वीस-पंचवीस पाकळ्या असतात, आणि एक पाकळी लावली की तिचा एक गड्डा होतो. म्हणजे एकाचे पंचवीस, पंचवीसाचे सव्वासहाशे, आणि तिसऱ्या हंगामात नीमच-मंदसौरच्या बाजाराला भाव आपण सांगणार. बाजारात तुरी म्हणतात त्या ह्याच.

आता खरा हिशेब. कुंडीतला गड्डा पंधरा ग्रॅमचा भरला तरी नशीब. असे पंचवीस गड्डे म्हणजे पावणेचारशे ग्रॅम, चढ्या भावातही दीडशे रुपयांचा माल. त्यापायी कुंड्या, लाल माती, गांडूळखत, निंबोळी पेंड, आणि ती माती पाचव्या मजल्यावर आणून देणाऱ्याचा चहा. शेतकऱ्यालाही हे सोपं जात नाही. एकरी दोन क्विंटलच्या वर बियाणं लागतं आणि ते बियाणं म्हणजे आपण फोडणीत टाकतो तोच लसूण. भाव चढला की पेरणीचा खर्चही चढतो. एवढं कळलं, की भाजीवालीशी घासाघीस करताना निदान माझी तरी जीभ जड होते.

लसणाला पेरायचं बी का नसतं, हे पाहिलं तर त्याच्याविषयी आदर वाढतो. आपल्याकडच्या सपाटीवर तो फुलण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. थंड मुलखात दांडा काढून फुलला, तरी लागवडीतल्या लसणाला बी धरणं दुर्मीळच. हजारो वर्षं माणसाने पाकळीच लावली, त्यामुळे त्याने तो नाद सोडून दिला. लसणाच्या घराण्यात स्थळं पाहणं नाही, पत्रिका नाही, मानपान तर नाहीच. पाकळी जमिनीत गेली की तीच पुन्हा उगवते. आपल्या पणजीने पाट्यावर रगडलेला आणि आपण आज मिक्सरला लावतो तो लसूण एकाच वाणाचा असेल, तर तो एका अर्थी एकच जीव आहे. त्याच्यापुढे आपण आपल्या घराण्याच्या गोष्टी न सांगितलेल्या बऱ्या.

लावायची वेळ मात्र सांभाळावी लागते. भर पावसाळ्यात टोपलीतल्या पाकळ्यांना हिरवे कोंब फुटतात आणि घरातल्या बागकामप्रेमी माणसाला वाटतं, निसर्गानेच हाक दिली. ती हाक ऐकू नये. त्या पावसात पाकळी सडते, आणि नाही सडली तर नुसती पात देते. लसूण रब्बीचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावायचा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायचा. गंमत म्हणजे हे वेळापत्रक आपल्या चातुर्मासाशी छान जुळतं. आषाढातल्या कांदेनवमीला कांदा-लसणाचा शेवटचा फडशा पाडायचा आणि कार्तिकी एकादशीपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही, अशी आपली रीत. नेमक्या त्याच दिवसांत साठवणीतला लसूण कोंब काढून पोकळ होऊ लागतो. धर्मशास्त्र लिहिणाऱ्यांनी टोपली पाहून नियम केला असेल असा माझा दावा नाही, पण टोपली पाहून मला तशी शंका जरूर येते.

दुसरी गोष्ट वाणाची. बाजारात टपोऱ्या पाकळ्यांचा, सोलायला सोपा डोंगरी लसूण मिळतो. तो पाहून लावायचा मोह होतोच. पण हिमाचलाकडच्या त्या लसणाला गड्डा धरायला लांब दिवस आणि कडक थंडी लागते. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात दिवस तोकडे आणि थंडी जेमतेम स्वेटर काढण्यापुरती. तो पात वाढवतो आणि तेवढ्यावर थांबतो. आपल्या हवेत चालणारे वाण आपल्याच माणसांनी निवडले आहेत. राजगुरुनगरला तर खास कांदा आणि लसणाचं सरकारी संशोधन केंद्र आहे. भीमा ओंकार, भीमा पर्पल ही तिथलीच नावं. गोदावरी आणि श्वेता राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे. नावं ऐकून एखाद्या वर्गाची हजेरी चालली आहे असं वाटतं. बाल्कनीसाठी मात्र ओळखीच्या शेतकऱ्याकडचा गावरान गड्डाही पुरतो.

लावणं हे काही काम नव्हे. गड्डा आयत्या वेळी फोडायचा, बाहेरच्या जाड पाकळ्या निवडायच्या, साल न काढता टोक वर ठेवून दोन बोटं खोल टोकायच्या, मध्ये वीतभर नाही तरी चार बोटांचं अंतर. पाणी बेताने. आठ-दहा दिवसांत कोंब वर येतो आणि इथून पुढे घरात राजकारण सुरू होतं.

आमच्या घरात पातीचा एक पक्ष आहे आणि गड्ड्याचा एक. आई पातीच्या पक्षाची. डिसेंबरात कुंडी हिरवी झाली की तिचे हात शिवशिवतात. "अरे, चार पाती घेतल्या तर काय होतंय? ठेच्यात घालते." चारांच्या आठ होतात. ज्वारीची भाकरी, पात घातलेला हिरवा ठेचा आणि वर तेलाची धार अशा ताटासमोर माझी तत्त्वं फार काळ टिकत नाहीत. गड्ड्याचा पक्ष म्हणजे बायको. ती वनस्पतिशास्त्र शिकलेली आहे आणि वेळप्रसंगी ते बाहेर काढते. "आई, पात म्हणजेच लसणाचं पोट. तुम्ही ती कापलीत तर खाली गड्डा भरणार कशावर? आणि एकेका पानाचं खालचं टोक म्हणजे गड्ड्याचं एकेक साल असतं." आई शांतपणे म्हणते, "सालं तर आपण टाकूनच देतो ना!" यावर वनस्पतिशास्त्राजवळ उत्तर नसतं.

जानेवारीत थंडी पडली नाही तर आणखी एक प्रकार होतो. गड्डा पाकळ्यांत फुटतच नाही. कुंडीतून निघतो तो एकच वाटोळा गोळा, छोट्या कांद्यासारखा. लावताना पाकळी बारीक घेतली तरी असंच होतं. घरचा असला की आपण त्याला फसलेलं पीक म्हणतो, आणि काष्ठौषधीच्या दुकानात तोच एकपाकळी लसूण म्हणून गुणकारी ठरतो आणि चढ्या दराने मिळतो.

पातीचे शेंडे पिवळे पडून वाळू लागले की पाणी तोडायचं. मान मऊ होऊन कलली की उपटायचं. जास्त दिवस ठेवला तर गड्डा मातीतच उकलतो. मग पातीसकट जुडी बांधून सावलीत टांगायची, उन्हात नाही. इमारतीत ही जुडी टांगली की शेजारी "दृष्ट काढायला का हो?" असं विचारतात. वासाची तक्रार मात्र कुणी करत नाही, कारण अखंड पाकळीला जवळजवळ वास नसतो. पाकळी ठेचली किंवा कापली की आत वेगवेगळ्या कप्प्यांत राहणारे दोन पदार्थ एकत्र येतात, एक विकर आणि एक गंधकयुक्त आम्ल, आणि त्यातून ॲलिसिन तयार होतं. तो उग्र वास खरं तर झाडाने किड्यांना दिलेली धमकी आहे. आपण त्या धमकीत सुकं खोबरं आणि लाल तिखट घालून वड्यासोबत खातो. लसणाची चटणी खलबत्त्यातच करावी असं म्हणतात ते ह्याचसाठी: जेवढी पाकळी चिरडेल तेवढा वास. मिक्सर कापतो, चिरडत नाही. तरी घाईच्या सकाळी मिक्सरलाही नावं ठेवू नयेत.

या सगळ्यावर माझा निकाल असा, की घरच्या लसणाचं खरं पीक पातच. गड्डा बाजारात बारा महिने मिळतो. कोवळी, कापल्याबरोबर फोडणीत पडणारी पात मिळत नाही. तेव्हा कोजागिरी उलटली की दोन कुंड्या भरा. एक पातीची, एक गड्ड्याची. दोन्हींवर ठसठशीत अक्षरात नावं लिहा, आणि गड्ड्याच्या कुंडीजवळ कात्री ठेवू नका.